टोपीखालचा थांबा

आमच्या मास्तरांच्या गालात कायम काहीतरी असायचं. नवा माणूस हटकून विचारायचा, "मास्तर, सुपारी का तंबाखू?" मग मास्तर तोंडातून बोरूची एक पातळ पत्ती काढून दाखवायचे आणि पुन्हा गालात ठेवून द्यायचे. सॅक्सोफोनला फुंकायच्या जागी ती पत्ती बसते, आणि ती ओली नसेल तर आवाज धड निघत नाही. कारण बरोबर होतं. पण पुढचं लग्न महिन्यावर असलं तरी पत्ती गालातच. चहा ते दुसऱ्या गालानं प्यायचे, बशीतून. मी त्यांच्या शेजारी बसून उदंड चहा प्यालोय, पण ती पत्ती बशीत पडलेली कधी पाहिली नाही.

मी तेव्हा आळेफाट्याच्या एका बँड पथकात साईड ड्रम वाजवायचो. आता माझं ठिबकच्या नळ्या आणि पाईपांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बोटं चालतात तेवढाच काय तो ड्रम उरलाय. पथकाचे मालक राजुरीचे. ते स्वतः एके काळी ढोल वाजवायचे, त्यामुळे त्यांचा आवाजही ढोलासारखाच. मास्तर आणे पठारावरच्या एका वस्तीवर राहायचे. जुन्या एम-एटीवर, सॅक्सोफोन गोणपाटात गुंडाळून पाठीला बांधून, आणे घाट उतरून यायचे. सॅक्सोफोन मालकांचा होता, पण त्याच्यावर मालकी मास्तरांची. एका किल्लीची स्प्रिंग गेलेली, तिथं रबरबँड. एका भोकावरची चामड्याची गादी फाटलेली, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हे दुसऱ्या कोणी हातात घेतलं तर त्यातून म्हशीला बरं नसल्यासारखा आवाज यायचा.

मास्तरांना जॅझचा नाद कसा लागला ते ऐका. एका नवरदेवाच्या घरच्यांनी कुठलंसं नवं गाणं सांगितलं होतं. ते सॅक्सोफोनवर कसं वाजतं हे बघायला मास्तरांनी मोबाईलवर शोधलं. गाणं सापडलं, संपलं, आणि मोबाईलनं आपल्या मनानं पुढचं लावलं. एक काळा, जाडजूड माणूस डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवत होता. मास्तर आम्हाला नेहमी सांगायचे, "म्या इचार केला, ह्यो माणूस गाणं इसरलाय. इसरलाय, पन घाबरला न्हाई. मंग म्हनलं बघू, पुढं काय?"

हे "पुढं काय?" म्हणजे मास्तरांचा श्वास होता. डाळिंबाच्या बागेत नेलं तरी तेच, विहिरीच्या गाळात तेच, कुणाच्या घटस्फोटाची गोष्ट निघाली तरी तेच. आधीचं त्यांना कधी पुरत नसे. जॅझमध्ये तर त्यांनी शिस्तच घालून घेतली होती. आधी जुनं ऐकायचं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. मध्येच कोणी कालपरवाचं लावून दाखवलं तर कानावर हात ठेवायचे. "आधी बाप भेटू दे, मंग पोराकडं जाऊ." आणि एक नियम असा की ऐकून झालेलं पुन्हा उघडायचं नाही. डेटा पुढच्यासाठी ठेवायचा.

एकदा मंचरला वरातीची वाट बघत आम्ही एका पिकअपच्या सावलीत बसलो होतो. नवरदेव मारुतीच्या पाया पडून आला होता आणि पुढं काही हालत नव्हतं, कारण मामा रुसला होता. मी म्हटलं, "मास्तर, तुमचं ते जॅझ आलंय कुठवर?"

"वाटणीवर आलंय," मास्तर म्हणाले. "लई मोठी भाऊकी हाय राव. बापानं वावर नावारूपाला आणलं. मंग थोरल्यानं काय केलं, विजेची मोटर बसवली. गिटार विजेची, पेटी विजेची, सगळं करंटवर. म्हातारी माणसं म्हनली, बुडवलं यानं घर."

"बुडवलं का मग?"

"न्हाई ना. पीक जोरात आलं. पन मधल्याला ते पटलं न्हाई. त्यो म्हनला, बापानं मोटंवर काढलं तेच पाणी खरं. त्यानं कोट घातला, टाय बांधला, बापाची जुनी चाल काढली आन सांगितलं, घराणं म्हंजी आमीच. दोघं एकामेकाच्या दारात जात न्हाईत."

"आणि धाकटा?"

मास्तरांनी पत्ती ह्या गालातून त्या गालात केली. "धाकट्यानं कुणाचंच ऐकलं न्हाई. गल्लीतली पोरं व्हती, नुसतं बोलून गाणं म्हननारी, मशीनवर ठेका लावनारी. त्यांच्यात गेला. आता त्याचा ड्रमवाला मुद्दाम मागं राहून वाजवतो. जरा लंगडत. तू चुकून वाजवतोस तसं."

सगळे हसले, मीही हसलो. पण मला खरंच राहवेना. मी विचारलं, आत्ता काय चाललंय तिकडं. मास्तर म्हणाले की चुलतभाऊ लंडनला गेलेत, तिथं त्यांनी आफ्रिकेचे ढोल घेतलेत, आणि लोक खुर्च्या काढून उभ्यानं नाचत ऐकतात. दुसरे काही चुलते बर्फाच्या मुलखात राहतात. ते वाजवतात थोडं आणि थांबतात जास्त. "थांबतात?" आमचा युफोनियमवाला, म्हणजे मोठा पितळी भोंगा वाजवणारा, म्हणाला. "थांबलं तर बिदागी कोन देईल?" तेवढ्यात मामाची समजूत निघाली आणि आम्ही उठलो.

हे सगळं खरं होतं का? मी पुढं बरंच ऐकलं, वाचलं. बरंचसं खरं होतं. काही मास्तरांनी आपल्या पदरचं घातलं होतं. ते सगळे एकाच रक्ताचे आहेत असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ते मी कधी काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा मला म्हणाली, "सून इचारती, बाबा टाकीवर बसून कुणाशी भांडत्यात. म्या म्हनलं, अमेरिकेशी."

पाण्याच्या टाकीचं कारण असं की मास्तरांच्या वस्तीवर रेंज फक्त तिथंच यायची, तीही आली तर.

त्यांचं वाजवणं कसं होतं, हे सांगणं अवघड आहे. लग्नात ते साधंच वाजवायचे, लोकांना हवं तेच. पण कुठंतरी एक सूर असा सोडून द्यायचे की नाचणाऱ्याचा पाय हवेत राहायचा. बैलगाडा शर्यतीच्या घाटात एकदा आम्हाला बोलावलं होतं. बारी, म्हणजे एकेक गाडा, सुटली की आम्ही जोरात वाजवायचं आणि बैल वर पोचले की थांबायचं, एवढंच काम. मास्तरांनी गाणं सोडलं आणि बैलांच्या खुरांवर वाजवायला लागले. आमचा पार बोजवारा उडाला. मालक तणतणले. मास्तर शांतपणे म्हणाले, "मालक, बैलं चार मात्रांत पळत न्हाईत. तुमी मोजून बघा." मालकांनी मोजलं नाही. मी मात्र पुढच्या बारीला मोजायला गेलो, आणि मलाही ते चारात बसवता आलं नाही.

असं सगळं चाललेलं असताना एक दिवस मालकांनी आम्हाला बसवून घेतलं. म्हणाले, बँड आता कोणी मागत नाही. सगळ्यांना बेंजो पाहिजे, कीबोर्ड पाहिजे, ट्रॉलीवर भिंतीएवढे स्पीकर पाहिजेत. संगमनेरकडचा एक बँडवाला आपली सगळी पितळी वाद्यं, ड्रमसकट, घ्यायला तयार आहे, आमच्या गावच्या जत्रेला तो बघायला येतोय. यात मालकांची चूक नव्हती. त्यांनाही घर होतं.

सॅक्सोफोन त्या पितळेतच आला. मास्तरांनी पत्ती तोंडातून काढून हातात घेतली, तेव्हाच मला कळलं की त्यांना किती लागलंय. वय झालेलं, दुसरं वाद्य घ्यायची ऐपत नाही, आणि वाजवायला जागा ही एवढीच. ते भांडले नाहीत. फक्त म्हणाले, "मालक, जत्रंची हजेरी माझ्या मनासारखी वाजवू द्या. येकदाच."

आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या आधी, तमाशावाले आणि वाजंत्री देवळासमोर हजेरी देतात. ती देवासाठी असते, फर्माईश नसते, समोर गाव मांडी घालून बसलेला असतो. मालक म्हणाले, "वाजवा. देवाला काय, सगळंच चालतंय."

मास्तरांनी जे निवडलं होतं ते त्या बर्फाच्या मुलखातलं होतं. मोबाईलवर ते त्यांना एकदाच धड लागलं, टाकीवर. रेंज आहे तोवर त्यांनी ते दुसऱ्या, बटणवाल्या जुन्या मोबाईलवर टेप करून घेतलं. उन्हात मोबाईल तापून बंद पडतो, म्हणून वाजणाऱ्या मोबाईलवर स्वतःची टोपी झाकली आणि शेजारी जुना मोबाईल धरून बसले. ती टेप त्यांनी आम्हाला ऐकवली, कांदा साठवायच्या रिकाम्या बराखीत बसवून. एक संथ चाल. मग मध्येच चाल थांबते. काही नाही. त्या शांततेत एक टिटवी ओरडते.

"टिटवी बी त्यांचीच का?" क्लॅरिनेटवाल्यानं विचारलं.

"टिटवी आपली," मास्तर म्हणाले. "थांबा त्यांचा."

असे तीन थांबे होते. पहिला लहान, दुसरा जरा मोठा, तिसरा तर इतका लांब की युफोनियमवाल्यानं पहिल्या वेळी वाद्य खाली ठेवून नाक शिंकरलं. आम्ही ते थांबे पाठ केले. वाजवणं सोपं असतं हो, हात आपोआप चालतात. पण सगळ्यांनी मिळून गप्प बसायचं आणि सगळ्यांनी मिळून परत उठायचं, यानं आमचा घाम काढला. मास्तर हाताची खूण करू देत नसत. म्हणायचे, शेजारच्याचा श्वास ऐका. वरातीत आयुष्य गेलेली माणसं आम्ही, आम्हाला तिथं शेजारच्याचा ट्रम्पेट ऐकू यायची मारामार. पण हळूहळू जमलं. तिसरा थांबा पहिल्यांदा सगळ्यांचा एकत्र सुटला तेव्हा आम्ही येड्यासारखे एकमेकांकडं बघत बसलो.

हजेरीच्या आदल्या दिवशी मास्तर मला म्हणाले, "आपन पन त्या भाऊकीतले राव. सातबाऱ्यावर नाव न्हाई, पन बांधावर तर उभं ऱ्हाता येतंय." खूश होते. चहाला म्हणून मी त्यांना फाट्यावर माझ्या भावाच्या मोबाईल दुकानात नेलं. भावाला मीच सांगितलं होतं मास्तर काय वाजवणार ते. त्यानं कौतुकानं दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर तेच लावलं. तिथं वायफाय होतं.

चाल सुरू झाली. पहिल्या थांब्याची जागा आली, आणि चाल थांबलीच नाही. सरळ पुढं गेली. दुसरी जागा आली, तिथंही नाही. तिसऱ्या जागेला मी मास्तरांकडं बघायचं टाळलं. बशीतला चहा तसाच होता.

"परत लाव," मास्तर म्हणाले. त्यांचा स्वतःचा नियम मोडून.

भावानं परत लावलं. तसंच गेलं.

"ह्ये कुनी मधलं कापून जोडलंय का?"

"न्हाई मास्तर, असंच हाय. का?" थांब्यांचं भावाला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा तो हसला, वाईट हेतूनं नव्हे. "अवो मास्तर, रेंज गेली आसंल. मंग थांबतंय ना ते. गोल चक्कर फिरतंय बघा स्क्रीनवर."

"म्या टोपी झाकली व्हती," मास्तर म्हणाले.

आम्ही बराखीकडं निघालो. मला फार वाईट वाटत होतं. वाटत होतं की तो टीव्ही फोडावा. ज्या माणसानं एवढ्या लांबच्या लोकांची वंशावळ कानात घातलेल्या इयरफोनच्या एका दोरीवर उभी केली, त्याला त्या लोकांकडून मिळालं काय, तर आमच्या पठारावरची गेलेली रेंज. मी म्हटलं, "मास्तर, आपण दुसरं काहीतरी वाजवू. लोकांना काय कळतंय."

बराखीत सगळे जमले होते. मास्तरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, काही न लपवता. टोपीसकट. कोणी हसलं नाही. युफोनियमवाल्यानं शेवटी विचारलं, "मंग थांबे काढायचे का, मास्तर?"

 मास्तरांनी हातातली पत्ती गालात टाकली.

"त्यांचं थांबायचं राहिलंय," ते म्हणाले. "आपलं कशाला ऱ्हाऊ द्यायचं? चला, पुढं."

दुसऱ्या दिवशी देवळासमोर ऊन वर आलं होतं. संगमनेरचा माणूस मालकांशेजारी खुर्चीवर बसला होता. तमाशावाल्यांची हजेरी झाली आणि आमचं नाव पुकारलं. चाल सुरू झाली तेव्हा लोक बोलतच होते. पहिला थांबा आला. माईकवाल्याला वाटलं संपलं, त्यानं लगेच "बँड पथकाचे यात्रा कमिटीतर्फे आभार" असं म्हणायला घेतलं आणि आम्ही त्याच्या 'आभार'वरच परत सुरू झालो. लोक हसले. दुसऱ्या थांब्याला त्यानं माईक उचलला आणि आमच्याकडं बघत तसाच धरला. तिसऱ्या थांब्याला कोणी हललं नाही. देवळावरच्या झेंड्याची दोरी काठीवर आपटत होती ती ऐकू यायला लागली. कुठंतरी टँकरचं पाणी ठिबकत होतं. मला मास्तरांचा श्वास ऐकू येत होता. पुढं बसलेला एक म्हातारा हळूच म्हणाला, "बोला की आता." त्याच्या त्या बोलण्यावर सॅक्सोफोन आला, आणि आम्ही सगळे त्याच्यामागं एकदम.

मी पुष्कळ वाजवलंय, पण तेवढं चांगलं पुन्हा नाही. हे सरळच सांगतो.

मालक खुर्चीवरून उठून आले. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "झ्याक. खरंच झ्याक वाजवलं मास्तर. पन लग्नात कोन थांबतंय?"

व्यवहार झाला. ट्रम्पेट गेले, क्लॅरिनेट गेलं, युफोनियम गेलं, माझा ड्रमही गेला. संगमनेरच्या माणसानं सॅक्सोफोन उचलला, रबरबँड ओढून बघितला, ट्यूबचा तुकडा नखानं उकरला आणि फुंकला. म्हशीला पुन्हा बरं वाटेनासं झालं. त्यानं तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच." मास्तर दुसरीकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण गालातली पत्ती जोरात हालत होती.

मालकांनी बेंजो पार्टी काढली आणि मास्तरांना तिच्यात ठेवून घेतलं, जुना माणूस म्हणून. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला उभे राहून ते वाजवायचे. स्पीकरच्या भिंतीपुढं त्यांचा सॅक्सोफोन त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसणार. मी विचारलं तर म्हणायचे, "थोरल्याच्या घरी ऱ्हातोय सध्या. करंटवर." मी दुकान टाकलं. भेटी कमी झाल्या.

गेल्या हंगामात माझ्या पुतणीचं लग्न होतं, आळे गावातच. मालकांचीच पार्टी सांगितली होती. नवरदेव मारुतीकडं निघाला, ट्रॉली पुढं, पोरं नाचतायत, जमीन हादरतेय. आणि चौकात जनरेटर बंद पडला. स्पीकर गेले, कीबोर्ड गेला, बेंजो गेला. नुसता ताशा थोडा वेळ चालला, मग तोही ओशाळून थांबला. जनरेटरवाला डिझेलचा कॅन घेऊन धावला.

मास्तर ट्रॉलीवरून खाली उतरले. घाईनं नाही. सॅक्सोफोन पोटाशी घेतला, पत्ती गालातून काढून जागेवर बसवली. मी वऱ्हाडात होतो, टोपी-उपरण्यात, हातात अक्षतांचं ताट. त्यांनी तीच चाल सुरू केली, हजेरीची. नाचणारी पोरं बघत उभी राहिली. चाल त्या पहिल्या जागेला आली आणि मास्तर थांबले. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी अक्षता शेजारच्याच्या उपरण्यात ओतल्या, ताट उलटं केलं, आणि ते जिथं सुरू झाले तिथंच माझी बोटं पडली. मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांना शेजारचा श्वास माहीत होता.

दुसरा थांबाही तसाच गेला. मग तिसरा आला, तो लांबवाला.

चौक गप्प. नवरदेवाची घोडी नुसतं फुरफुरली. तेवढ्यात जनरेटरवाल्याचं डिझेल भरून झालं आणि त्यानं सुरू करायला दोरीला हात घातला. मालक ट्रॉलीला टेकून उभे होते. त्यांनी पुढं होऊन त्याचं मनगट धरलं.

"थांब," मालक हळू आवाजात म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "मास्तरांचं संपलं न्हाई अजून."